खानापुरात गिरणी टाकायची म्हणता? आधी एक पावसाळा काढा

इचलकरंजीहून आम्ही दोघं कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आलो त्याला आता चौदा वर्षं झाली. तिकडे सासऱ्यांचे माग होते. इकडे आम्ही एक बंद पडलेली भाताची गिरणी भाड्यानं घेतली आणि दोन वर्षं धडपडून ती उभी केली. आता दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी चौकशीला येतं. कुणाला पोह्याची गिरणी टाकायची असते, कुणाला काजू फोडायचा असतो, कुणाला नुसतं किराणा दुकान आणि वर राहायला दोन खोल्या हव्या असतात. चहा पिता पिता मी प्रत्येकाला जे सांगते, तेच इथं क्रमानं लिहिते आहे. मनापासून सांगते, हा तालुका कष्टाच्या माणसाला सांभाळून घेतो. पण त्याच्या अटी समजून घ्याव्या लागतात, आणि त्यातल्या निम्म्या अटी पावसाच्या आहेत.

गाव आधी नकाशावर बघून घ्या. बेळगावच्या दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटरवर, मलप्रभेच्या काठी खानापूर आहे. रेल्वे पुढं लोंढ्याला जाते. तिथं एक फाटा कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात जातो, दुसरा अळणावर-धारवाडकडं वळतो. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, म्हणजे डोंगर, जंगल आणि मराठी. पूर्वेला इटगी, पारिशवाड, म्हणजे उघडं रान आणि कन्नड. एकाच तालुक्यात दोन हवामानं, दोन भाषा आणि दोन तऱ्हेची शेती आहे. आपल्या जिल्ह्यात गिरणी म्हटलं की लांबच्या लोकांना गोकाक फॉल्सची सूतगिरणी आठवते. ती १८८५ साली कंपनी काढून घटप्रभेच्या पाण्याच्या जोरावर उभी राहिली. खानापूरच्या गिरण्या तशा नाहीत. इथं भाताच्या गिरण्या, विटाभट्ट्या, कौलं आणि कुंभारकाम यांची एकमेकांत गुंतलेली लहान लहान कामं आहेत. चार-पाच माणसांवर चालणारी. कुंभारकामासाठी खादी-ग्रामोद्योग आयोगाची प्रशिक्षण संस्थाही खानापुरात आहे, कारण माती चांगली आहे.

पहिली पायरी: जुलैत या

जागा बघायला सगळे जानेवारीत येतात. हवा गार, रस्ते कोरडे, झाडी हिरवी, मालक हसतमुख. सगळंच आवडतं आणि लगेच आगाऊ रक्कम दिली जाते. आमचंही तसंच झालं. गोदाम बघितलं तेव्हा फरशी खडखडीत होती. जुलैत त्याच फरशीतून पाणी पाझरायला लागलं आणि भिंतीला टेकवून ठेवलेली चाळीस पोती खालून काळी पडली. त्यात मालकाची काही चूक नव्हती. आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात या, दोन दिवस मुक्काम करा आणि जागा पावसात बघा. भिंतीला हात लावा. कोपऱ्यात वास घ्या. छपराच्या पन्हाळीचं पाणी कुठं जातं ते बघा. शेजारच्या दुकानदाराला विचारा, "इथं पाणी चढतंय काय ओ?" तो खरं सांगतो. मलप्रभेचा उगम कणकुंबीत आहे आणि तिकडं पाऊस धरला की खानापुरात ऊन असलं तरी नदी बघता बघता रंग बदलते. नदीकाठची स्वस्त जागा स्वस्त का आहे, हे जुलैतच कळतं.

पश्चिमेकडची खेडी पावसात चार-चार दिवस तुटतात. चोर्ला घाटात आणि अनमोडच्या बाजूला दरड पडते, अवजड गाड्या बंद होतात. तुमचं गिऱ्हाईक गोव्यात असेल तर जून ते सप्टेंबरच्या मालाचा हिशोब वेगळा धरा.

राहायचं कुठं

पहिलं वर्ष गावातच भाड्यानं राहा. शेतातलं घर, डोंगराचा देखावा, हे सगळं पुढं बघता येईल. कौलारू घर मिळालं तर नाही म्हणू नका, उन्हाळ्यात गार राहतं. मात्र मेच्या पहिल्या पंधरवड्यात कौलं शाकारून घ्या, कारण वळीव पडायला लागल्यावर शाकारणारा माणूस कुणालाच मिळत नाही. स्लॅबच्या घरात ओल कमी असते हा समज सोडून द्या. कपडे दोन्हीकडं सारखेच वाळत नाहीत. पावसाळ्यात चुलीवर, शेगडीवर कपडे सुकवणारी घरं इथं अजून आहेत. आम्हीही गिरणीच्या मोटरीच्या खोलीत दोरी बांधलेली आहे.

भाडेकरार लेखी करा आणि त्यात विजेचा आर.आर. नंबर लिहून घ्या. कर्नाटकात प्रत्येक वीजजोडणीला हा नंबर असतो. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या कार्यालयात तो नंबर दाखवून थकबाकी आहे का ते आधी विचारायचं. थकबाकी जागेला चिकटते, माणसाला नाही. आमच्या गिरणीवर आधीच्या भाडेकरूचं सात महिन्यांचं बिल होतं. ते आम्ही भरलं तेव्हाच मीटर परत जोडला गेला.

भाषेबद्दल

इथं मराठी माणसाला परकं वाटत नाही. बाजारात, बसमध्ये, देवळात मराठीच ऐकू येते. चंदगडी, कोकणी आणि कन्नड मिसळून झालेली, कानाला गोड लागणारी बोली आहे. पण तालुक्याचा कागद कन्नडमध्ये चालतो आणि ते शिकून घेण्याला पर्याय नाही. अर्ज, नोटीस, कराची पावती, उतारा, सगळं कन्नड. सुरुवातीला मी प्रत्येक कागद घेऊन कुणाच्या तरी दारात जायची. ती माणसं चांगली होती, पण आपल्या धंद्याचा कागद रोज दुसऱ्यानं वाचून दाखवावा, ही स्थिती बरी नव्हे. मी मुलाच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले. चार महिन्यांत आपलं नाव, गावाचं नाव, आकडे आणि तारखा वाचता येतात. एवढ्यावर ऐंशी टक्के काम भागतं.

बोलण्यात थोडे शब्द आले तरी समोरचा माणूस मोकळा होतो. एष्टु म्हणजे किती, बेकु म्हणजे हवं, बेड म्हणजे नको, हेसरु म्हणजे नाव, कंदाय म्हणजे सारा किंवा कर. शेवटी 'री' लावलं की आदर आला, आपल्या 'ओ'सारखा. आणि 'नाळे बर्री' ऐकायची सवय ठेवा, म्हणजे उद्या या.

दुकानाच्या पाटीचा नियम पक्का लक्षात ठेवा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के भाग कन्नड असायला हवा आणि तो वरच्या बाजूला हवा. खाली मराठी लिहायला आडकाठी नाही. पाटी रंगवायच्या आधीच हे माप पेंटरला सांगा. दोनदा पैसे घालवलेली माणसं मी बघितली आहेत.

सीमाप्रश्नाबद्दल नवी माणसं दबकत विचारतात. दबकायचं काही कारण नाही, पण माहिती हवी. १ नोव्हेंबरला सरकारी राज्योत्सव असतो आणि मराठी माणसं तो दिवस काळा दिन म्हणून पाळतात. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन होतं. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. या दिवसांच्या आसपास, किंवा कुठं तणाव झाला तर, दोन्ही राज्यांच्या एसटी सीमेवर थांबतात. माल पाठवायचा, माणूस आणायचा तर चार दिवस पुढं-मागं करा. माझं मत विचाराल तर माझी भाषा माझी आहे आणि शेजाऱ्याची भाषा शिकल्यानं ती कमी झालेली नाही. आमच्या गिरणीत भाताची पहिली खेप पारिशवाडकडच्या एका कन्नड शेतकऱ्याची होती आणि अजूनही तो दर वर्षी येतो.

जागा घ्यायची असेल तर कागद असा वाचा

शेतजमिनीच्या उताऱ्याला इथं पहाणी म्हणतात. त्यात ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, ११ मध्ये बोजा आणि इतर हक्क, १२ मध्ये कसणाऱ्याचं नाव असतं. तिन्ही रकाने वाचा. नाव एकाचं आणि कसणारा दुसरा असेल तर तिथंच थांबा आणि वकिलाकडं जा. ९ मध्ये सात-आठ भावंडांची नावं एकत्र असणं इथं नेहमीचंच आहे. त्यातला मुंबईत असलेला भाऊ सहीला आल्याशिवाय पैसे देऊ नका.

२०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. त्यामुळं व्यवहार सोपा झाला, असं दलाल सांगतात. घेणं सोपं झालं आहे, तिथं गिरणी बांधणं नाही. बिगरशेती लागते का हे बघून ती करून घेतल्याशिवाय बांधकाम केलं तर पुढं वीजजोडणी, कर्ज, परवाना, सगळंच अडू शकतं. दलित-आदिवासी कुटुंबांना सरकारनं दिलेल्या जमिनी १९७८ च्या कायद्यानं सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. असा व्यवहार वर्षांनंतरही रद्द होतो, म्हणून जमीन मूळ कुणाला, कशी मिळाली ते जुन्या फेरफारावरून बघून घ्याच.

गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूचा, म्हणजे मिळकतीच्या ऑनलाइन नोंदीचा, नमुना ९ आणि ११ मागा. शहरातली असेल तर ई-खाता, म्हणजे तशीच शहरातली नोंद. हे नसेल तर सबरजिस्ट्रारकडं खरेदीखताचं काम पुढं सरकत नाही. सोबत ईसी, म्हणजे जागेवरच्या बोजाचा दाखला काढा, तोही एक-दोन वर्षांचा नव्हे, निदान तीस वर्षांचा.

पश्चिमेकडच्या गावात जागा घेत असाल तर आणखी एक गोष्ट. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यातही तालुक्यातली बरीच गावं आहेत. तुमचं गाव त्या यादीत आहे का, सर्व्हे नंबर वनखात्याच्या हद्दीला लागून आहे का, हे वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. हे जंगल आमचा पाऊस आणि आमची नदी आहे. त्याला धक्का लागेल असा धंदा इथं टाकू नये, असं मला कायद्याच्या पलीकडंही वाटतं. लाकूड कापायची गिरणी डोक्यात असेल तर तो विचार सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर जंगलाच्या भागात नवीन आरागिरणीला परवाना मिळणं जवळपास बंदच आहे.

परवाने

हा भाग कंटाळवाणा आहे, पण लांबच लांब नाही. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दुकान-आस्थापनेची नोंदणी धंदा सुरू केल्यापासून तीस दिवसांत करायची. नगरपंचायतीचा किंवा ग्रामपंचायतीचा व्यवसाय परवाना, खाण्याच्या मालासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी, गिरणीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आणि वजनकाट्याची वेळोवेळी शिक्कामोर्तब. काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर हे बारा महिन्यांत करायचंच. शेतकरी काट्याकडं बघतो आणि शिक्क्याची तारीखही बघतो.

भांडवलासाठी पीएमईजीपीची, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची योजना बघा. २०२२ च्या नियमांप्रमाणे नव्या उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो आणि ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला आणि इतर विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. आम्ही तेव्हा माझ्या नावानं अर्ज केला असता तर दहा टक्के जास्त मिळालं असतं. आम्हाला ते नंतर कळलं.

वीज आणि मोटर

गिरणीला थ्री-फेज लागते. नवी जोडणी घेताना मालकीचा कागद किंवा मालकाची लेखी संमती, आणि परवानाधारक कंत्राटदाराचा दाखला लागतो. अर्ज करायच्या आधी लाइनमनला भेटा आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर भार किती शिल्लक आहे ते विचारा. भार शिल्लक नसेल तर नव्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च तुमच्या गळ्यात येतो आणि तो कुणाच्याही अंदाजात धरलेला नसतो.

पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात. एक फेज जातो, दोनावर मोटर गुरगुरत राहते आणि दहा मिनिटांत जळते. पहिल्या पावसाळ्यात आमची १५ अश्वशक्तीची मोटर अशीच गेली. एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावला असता तर गेली नसती. मोटर रिवाइंडिंगच्या खर्चापुढं त्याची किंमत काहीच नाही. आता मी नव्या माणसाला पहिल्यांदा तेच विचारते, "प्रिव्हेंटर लावलासा काय?" स्टार-डेल्टा स्टार्टरची पेटी जमिनीपासून चार फुटांवर, कोरड्या भिंतीवर बसवा. आणि रिवाइंडिंग करणाऱ्या माणसाशी दिवाळीच्या फराळाचं नातं ठेवा. सुगीत मोटर गेली तर रात्री नऊ वाजता तोच येतो.

भात घेणं आणि काढणं

काढणं म्हणजे भात सडून तांदूळ करणं. इथं मी थोडं जास्त थांबते, कारण माझं आयुष्य यातच गेलं.

तालुक्यात खरीप भात मुख्य. सुगी ऑक्टोबरच्या शेवटाला सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. इंद्रायणी, इंटाण, अभिलाष, जया, बासमती अशी नावं शेतकरी घेतील. प्रत्येक जात वेगळी ठेवा. एकदा दोन जातींचं भात एका ढिगात गेलं की तांदूळ शिजायला वेगवेगळा वेळ घेतो, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

कापणीच्या वेळी भातात २० टक्क्यांच्या वर ओल असते. गिरणीत घालायला ती १३-१४ टक्क्यांवर यायला हवी. सरकारी खरेदीला १७ टक्क्यांपर्यंत चालते, पण तसं भात काढलं तर कणी जास्त होते. ओल मोजायचं यंत्र घ्या. तरीही दाणा दाताखाली धरून बघायची पद्धत शिका. नीट वाळलेला दाणा टक्‌ करून तुटतो, ओला चेपतो. एक चूक सगळे नवे करतात. घाई म्हणून दुपारच्या कडक उन्हात पातळ पसरून भात एका दिवसात वाळवतात. त्यानं दाण्याला आतून चिरा जातात आणि पॉलिशरमध्ये त्याचे तुकडे होतात. जाड थर ठेवा, दर तासाला पाय फिरवून वरखाली करा, दुपारी झाका. दोन-तीन दिवस लागू द्या.

शंभर किलो भाताला साधारण ६५ ते ६७ किलो तांदूळ निघतो, कणी धरून. वीस-बावीस किलो तूस, आठेक किलो कोंडा. हलरमध्ये, म्हणजे भात सडायच्या जुन्या यंत्रात, कणी जास्त होते आणि तूस-कोंडा एकत्र येतो, म्हणून तो कोंडा नीट विकला जात नाही. रबर रोलच्या शेलरमध्ये दोन्ही वेगळे निघतात. पैसे कमी असतील तर जुनी हलर घ्यायचा मोह होईल. माझा सल्ला, मशीन लहान घ्या पण शेलर घ्या. गिरणीचा नफा तांदळापेक्षा तूस आणि कोंड्यात जास्त असतो. तूस विटाभट्टीवाले आणि चिरमुऱ्याच्या भट्टीवाले जळणाला नेतात. कोंडा जनावरांना जातो, पण तो चार दिवसांच्या वर ठेवू नका, त्यातलं तेल खवट होतं. म्हणून गिरणी सुरू करायच्या आधीच दोन विटाभट्ट्या आणि दोन गवळी पक्के करून ठेवा.

इथले बरेच शेतकरी भात विकत नाहीत. घरच्या कणगीत ठेवतात आणि लागेल तसं दोन-दोन पोती आणून काढून नेतात. हेच तुमचं वर्षभराचं काम. त्यांच्याशी मजुरी आधी बोला आणि कोंडा कुणाचा तेही आधी बोला. कोंडा गिरणीवाल्यानं ठेवायचा असेल तर मजुरी कमी, नेणार असतील तर जास्त. हे न बोलता ठेवलं की भांडण होतं. आणि ज्याचं भात त्याचाच तांदूळ त्याला परत द्या. दुसऱ्याच्या शिल्लक तांदळात मिसळून माप पुरं करायची सवय एकदा लागली की सुटत नाही, आणि बायका भात शिजवताच ओळखतात.

विकत घेणार असाल तर हमीभाव माहीत असू द्या. २०२५-२६ साठी साधारण भाताला क्विंटलला २,३६९ रुपये आणि अ-दर्जाला २,३८९ रुपये होता. सुगीत बाजार त्याच्या खाली येतो तेव्हा अडलेला शेतकरी तुमच्याकडं येईल. पैसे हातात असले तर भाव पाडून घेऊ नका. पुढच्या वर्षी तोच माणूस गावभर सांगतो. आणि रेशनचा तांदूळ कुणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर गिरणीच्या दारातूनच परत पाठवा. तो गुन्हा आहे.

साठवण भिंतीपासून हातभर आणि जमिनीपासून वीतभर उंच, लाकडी फळ्यांवर करा. जुना तांदूळ मोकळा शिजतो, त्याला भाव चांगला. म्हणून प्रत्येकाला वाटतं, ठेवावा. पण पावसाळा पार करून ठेवायचा तर गोदाम खरंच कोरडं हवं. नसेल तर मेअखेर विकून मोकळं व्हा. आमचं गोदाम कोरडं व्हायला तीन वर्षं आणि बाहेरून एक पक्कं गटार लागलं.

सीमेपलीकडं विकताना

चंदगड, कोल्हापूर, पणजी, सगळं हाताच्या अंतरावर आहे. म्हणून माणूस सहज गाडी भरतो. इथं चूक होते. मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, पण ती राज्यातल्या राज्यात. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. काजू करपात्र आहे. पोहे, तांदूळ लेबल लावून २५ किलोपर्यंतच्या पाकिटात विकलात तर ५ टक्के कर लागतो. त्यावरच्या वजनाच्या पोत्यांना लागत नाही. करपात्र माल ५० हजारांच्या वर असेल तर गाडीबरोबर ई-वे बिल हवं. कागद नीट असेल तर गाडी थांबवली तरी पाच मिनिटांत सुटते.

गोव्यात उकड्या तांदळाला मागणी आहे आणि ते ऐकून नवी माणसं लगेच भात उकडायला निघतात. उकडलेलं भात वाळवायला ऊन लागतं, आणि मागणी पावसाळ्यातही असते. ड्रायर नसेल तर नोव्हेंबर ते मे एवढंच ते काम करा.

गाडीचंही बघा. महाराष्ट्र किंवा गोवा पासिंगची गाडी इथं बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर इथली नोंदणी करून घ्यावी लागते. खानापूरचा पासिंग नंबर केए-२२ आहे.

उधारी, पिग्मी, माणसं

बँक आहे, पण रोजचा पैसा सोसायट्यांमधून फिरतो. पिग्मीवाला रोज संध्याकाळी येईल. रोज थोडे का होईना भरा. जूनमध्ये धंदा थंडावतो तेव्हा तेच पैसे मजुरीला येतात. संस्था निवडताना मात्र लेखापरीक्षण झालंय का, ठेवी परत मिळताना लोकांना वेळ लागतो का, हे दोन-चार जुन्या ठेवीदारांना विचारा. चढं व्याज हे कारण पुरेसं नाही.

उधारी द्यावीच लागते. शेतकऱ्याकडं पैसा सुगीत आणि काजूच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मेमध्ये येतो. त्याप्रमाणे मुदत ठरवा आणि वहीत त्याच्यासमोर लिहा. मी अजून वहीतच लिहिते, मोबाइलमध्ये नाही. समोरच्याला आपली नोंद दिसायला हवी.

कामाला गावातलीच माणसं घ्या. पेरणीत, लावणीत, जत्रेत ती येणार नाहीत, हे पगार ठरवतानाच धरा. रोपलावणीच्या दिवसांत आमची गिरणी अर्धा दिवस चालते. पहिल्या वर्षी मी चिडले होते. आता मी त्याच दिवसांत मशीन खोलून रबर रोल, बेअरिंग, पट्टे बघून घेते. दसऱ्याला आयुधपूजा होते, त्या दिवशी कुणालाही काम सांगू नका. मशीन धुऊन, हळदकुंकू लावून, सगळ्यांना घरी जेवायला बोलवा.

मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. पहिलीपासून कन्नड विषय मात्र २०१५ च्या कायद्यानं सक्तीचा झाला आहे, त्याची आधीच तयारी ठेवा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारच्या शिक्षणातल्या आणि आरोग्याच्या काही सवलती आहेत. तुमचं गाव त्यात आहे का ते बघून कागद करून ठेवा. तालुक्याचं सरकारी रुग्णालय खानापुरात आहे, मोठ्या आजाराला बेळगाव. सापाचा दंश झाला तर वेळ न घालवता १०८ ला फोन करायचा आणि थेट रुग्णालय. तुसाच्या ढिगात साप येतो, हात घालायच्या आधी काठी फिरवा.

जुलैत आलात तर आमच्या गिरणीकडंही या. पाऊस असेल तर मशीन बंद असेल आणि मला वेळ असेल. गोदामाची फरशी दाखवीन, बाहेरचं गटार दाखवीन. तुमच्या जागेचा पहाणी उतारा सोबत आणा, आपण ९, ११ आणि १२ एकत्र वाचू.